सापाला दोरी समजलेलं शहर

शाळेत आम्हाला महाराष्ट्रातल्या नद्या तोंडपाठ होत्या. गोदावरी, भीमा, कृष्णा, तापी, वैनगंगा. उगम कुठे, संगम कुठे, उपनद्या कोणत्या. एकदा चाचणीत ‘तुमच्या परिसरातील नदीचे नाव लिहा’ असा प्रश्न आला. कुर्ल्याच्या आमच्या वर्गात पन्नासेक मुलं होती. बहुतेकांनी उल्हास लिहिलं, काहींनी जागा कोरी सोडली. मिठी शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होती आणि तिच्यावरच्या पुलावरून आम्ही रोज नाक दाबून जात होतो. बाईंनी उल्हास नदीला पूर्ण गुण दिले. त्यांच्याही मनात दुसरं उत्तर नव्हतं.

डोळ्यांना सगळं दिसत होतं. पाणी दिसत होतं, ते वाहताना दिसत होतं, दोन काठ दिसत होते, पावसाळ्यात काठ सोडून वर आलेलं पाणीही दिसत होतं. भूगोलाच्या पुस्तकात नदीची जी लक्षणं दिली होती त्यांतलं एकही कमी पडत नव्हतं. तरी एवढ्या मुलांपैकी एकालाही तिथे नदी दिसली नाही. आम्ही तिला नाला म्हणायचो, आणि नाला म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नसे. पुढे कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीत तत्त्वज्ञान शिकायला गेले तेव्हा एके दिवशी फळ्यावर जर्मन तत्त्वज्ञ कांटचं म्हणणं आलं: आशयाविना विचार पोकळ असतात आणि संकल्पनांविना संवेदना आंधळ्या असतात. बाकीचे वहीत उतरवून घेत होते. मला आमचा पूल आठवला.

मुंबईच्या नद्यांचा प्रश्न आपण पैशाचा, यंत्रांचा आणि काढलेल्या गाळाच्या टनांचा समजतो. माझ्या मते तो त्याच्याही आधी संकल्पनेचा प्रश्न आहे. संकल्पना मनात कशी रुजते, कशी वाढते आणि कशी कुजते यावर ज्यांनी सर्वांत खोल विचार केला, ते चिद्वादी तत्त्वज्ञ या शहराच्या अगदी रोजच्या उपयोगाचे आहेत. त्यांना आपण एम. ए.च्या अभ्यासक्रमात बंद करून ठेवलं, हे आपलं नुकसान.

चिद्वाद हा शब्द इथे थोडा उलगडायला हवा. अनेक ठिकाणी त्याला आदर्शवाद म्हणतात, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की ध्येयवेड्या माणसांबद्दल काही चाललं आहे. ध्येयाशी त्याचा संबंध नाही. आपल्याला जे कळतं ते कळण्याच्या क्रियेपासून वेगळं काढून दाखवता येत नाही, ज्ञान घडण्यात मनाचा वाटा असतोच, हा त्याचा गाभा. हा वाटा किती, यावरून चिद्वाद्यांचं आपसांतच मोठं भांडण आहे. बर्कलीने १७१० मध्ये सांगून टाकलं की असणं म्हणजे जाणवलं जाणं. शिवाय अमूर्त संकल्पना मनात असतात हेच त्याने नाकारलं. समभुज नाही, विषमभुज नाही असा ‘नुसता त्रिकोण’ कोणी मनात आणून दाखवावा, असं त्याचं आव्हान होतं. मला बर्कली वाचायला आवडतो, पण आपल्या प्रश्नाला तो फार पुढे नेत नाही. संकल्पनेच्या वाढीचं खरं काम त्याच्या नंतरच्यांनी केलं, आणि त्याच्या हजारेक वर्षं आधी आपल्याकडच्यांनी.

कांटचं जवळजवळ सगळं आयुष्य क्योनिग्सबर्गमध्ये, प्रेगेल नदीच्या काठच्या बंदरात गेलं. माणसं आणि जग ओळखायला प्रवासाला निघण्याची गरज नाही, असं शहर त्यासाठी पुरेसं आहे, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. १७८१ साली त्याने मांडलं की बाहेरून आपल्याकडे येतो तो कच्चा माल: रंग, आवाज, वास, थंड-गरम. त्याला आकार देणारे बारा मूळ साचे आकलनशक्तीजवळ आधीच असतात. कार्यकारण, एक-अनेक, द्रव्य-गुण हे त्यांतले. झाड, घर, नदी या रोजच्या संकल्पना मात्र मनात आधीपासून नसतात, त्या घडवाव्या लागतात. त्याची रीत त्याच्या तर्कशास्त्राच्या व्याख्यानांत आहे. तीन वेगळी झाडं बघायची, त्यांची तुलना करायची, त्यांच्यात सारखं काय यावर मन धरायचं, फरक बाजूला ठेवायचे. उरतं ते ‘झाड’. मुंबईतल्या मुलाला झाडाची संकल्पना अशीच मिळते: चाळीपुढचा पिंपळ, मैदानाकडेचा गुलमोहर, मावशीच्या वाडीतला नारळ. नदीची मात्र अशी मिळत नाही, कारण तुलना करायला त्याने चार नद्या बघितलेल्याच नसतात. त्याची नदी चित्रकलेच्या वहीतून आयती येते. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली निळी रेघ, तिच्यात एक होडी, काठावर झोपडी. मिठी या चित्राशी जुळत नाही, म्हणून ती नदीच्या व्याख्येतून बाहेर पडते.

कांटचं आणखी एक उदाहरण माझ्या मनातून कधी गेलं नाही, कारण तेही नदीचंच आहे. घराकडे बघताना मी नजर छपरावरून पायाकडे आणू शकते किंवा पायाकडून छपराकडे नेऊ शकते. क्रम माझ्या मर्जीचा. प्रवाहाबरोबर खाली जाणारं जहाज बघताना क्रम माझ्या हातात राहत नाही. ते आधी वरच्या अंगाला दिसणार, मग खालच्या. हा क्रम उलटवता येत नाही असं मन धरतं, तेव्हाच ‘काहीतरी घडलं’ आणि ‘मी नुसतं बघितलं’ यांत फरक पडतो. कार्यकारणाचा साचा नसता तर जहाज वाहत गेलं हे आपल्याला कळलंच नसतं. इथे एक जहाज, तिथे एक जहाज, एवढे तुटक तुकडे उरले असते.

पण कांटपाशी थांबून भागत नाही. आम्ही संकल्पनेविना आंधळे नव्हतो. आमच्याकडे ‘नाला’ नावाची संकल्पना होती आणि आमचं बघणं ती व्यवस्थित चालवत होती. एका माणसाची चूक असती तर तिला दृष्टिदोष म्हणून सोडून देता आलं असतं. इथे लाखो माणसं तीच गोष्ट त्याच चुकीच्या रूपात बघत होती आणि एकमेकांना दुजोरा देत होती. सगळ्यांनी मिळून केलेली चूक मनात कशी घडते? याचं माझ्या वाचनातलं सर्वांत जवळचं उत्तर बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूचं आहे. काळ साधारण चौथ्या-पाचव्या शतकाचा. त्याच्या ‘विंशतिके’त आक्षेप घेणारा विचारतो: सगळं जर जाणिवेतलंच असेल तर अनेकांना एकच वस्तू कशी दिसते? वसुबंधू प्रेतांचा दाखला देतो. प्रेत म्हणजे इथे मढं नव्हे, मेल्यावर भुकेल्या-तहानलेल्या योनीत जन्मलेला जीव. सारख्या कर्मांचा सारखा परिपाक झालेले हे जीव एका नदीपाशी येतात आणि त्यांतल्या एकालाच नव्हे, सगळ्यांनाच ती पुवाने भरलेली दिसते. स्वतःच्या कारिकांवर, म्हणजे श्लोकांवर, लिहिलेल्या टीकेत तो पुढे म्हणतो की मूत्राने, विष्ठेने भरलेलीही दिसते, आणि तिच्यावर दंड नि तलवारी घेतलेल्या माणसांचा पहारा दिसतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने कुर्ल्याच्या पुलावर उभं राहून लिहावं तसं ते होतं.

वसुबंधूच्या परंपरेला विज्ञानवाद म्हणतात. इथे विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेतलं नव्हे, विज्ञान म्हणजे जाणीव. या परंपरेचं म्हणणं असं की जाणिवेच्या तळाशी एक कोठार आहे, आलयविज्ञान. प्रत्येक अनुभव त्यात एक बीज टाकतो. ते मुरतं, त्याची वासना, म्हणजे मागे उरणारा संस्कार, होते, आणि ते पिकतं तेव्हा पुढचा अनुभव त्याच्याच रंगाचा येतो. तो अनुभव पुन्हा बीज टाकतो. हे चक्र मी लहानपणी उघड्यावर चाललेलं बघितलं आहे. नाला म्हणायचे म्हणून त्यात कचरा टाकायचे. कारखान्यांचं सांडपाणी, तबेल्यांतलं शेण, तेलाचे पिंप धुतलेलं पाणी, सगळं त्यात जायचं. टाकलं म्हणून ते नाल्यासारखं दिसू लागलं. तसं दिसलं म्हणून पुढच्या पिढीने त्याला नाला म्हटलं, आणि तिने आणखी टाकलं. चिद्वाद म्हणजे ‘सगळं काल्पनिक आहे’ असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे थांबून बघावं. मनातल्या एका शब्दाने पाण्यात खरा पू भरला. वास खरा होता, गाळ खरा होता, आणि दोन्हींची सुरुवात त्या शब्दापासून झाली होती.

दिङ्नागाकडे याच परंपरेतलं दुसरं एक अवजार आहे, अपोह. गाय म्हणजे काय, याला नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचं, उत्तर असं की सर्व गाईंमध्ये गोत्व नावाचं काही खरंच असतं. दिङ्नागाला ते मान्य नाही. गाय नव्हे ते सगळं वगळलं की जे उरतं त्याला आपण गाय म्हणतो, एवढंच. संकल्पना वगळण्यातून घडते. गाईच्या बाबतीत हा वाद कुठेही लागो, मुंबईच्या एका शब्दाबाबत दिङ्नाग शंभर टक्के बरोबर आहे. तो शब्द म्हणजे ‘मोकळी जागा’. या संकल्पनेत स्वतःचं असं काहीच नाही. जिथे इमारत नाही ती जागा मोकळी. वडाळ्याचं, भांडुपचं मिठागर मोकळं. खाडीकाठचं कांदळवन मोकळं. भरतीला भिजणारी नि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची पट्टी मोकळी. तिथे मीठ पिकतं, खेकडे नि निवट्या पोसल्या जातात, तिवरांच्या मुळांत गाळ अडतो, पावसाचं पाणी पसरून थांबतं. पण या कशालाच ‘मोकळी जागा’ या शब्दात शिरकाव नाही, कारण तो शब्द बनलाच मुळी इमारत नाही एवढ्यावर. मोकळं म्हटलं की भरायचं सुचतं. वांद्रे-कुर्ला संकुल जिथे उभं आहे ती मिठीच्या काठची दलदल आणि कांदळवन होतं. तिथल्या काचेच्या इमारतींत बसून आज शहराच्या भविष्याचे आराखडे होतात, आणि खिडकीखाली काय होतं हे सांगणारा शब्द त्या आराखड्यांत नसतो.

शंकराचार्यांचा दोरी-सापाचा दृष्टांत आपल्याकडे कीर्तनातून घराघरांत पोचलेला आहे. अंधारात दोरीवर साप दिसतो, दिवा आणला की साप जातो आणि दोरी राहते. मुंबईत हे उलटं झालं. आपण सापाला दोरी समजलो. वळसे घेणारी, फुगणारी, भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर होणारी जिवंत गोष्ट आपण मेलेली दोरी म्हणून उचलली. विमानतळापाशी सोयीप्रमाणे वाकवली, मुखाशी भराव घालून आवळली, अंगावर वस्त्या आणि कचेऱ्या रचल्या. आणि दिवा लागला तेव्हा भीती जायच्या ऐवजी सुरू झाली.

तो दिवस २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नव्हता. एका टोकाला नेहमीचा पावसाळी दिवस आणि दुसऱ्या टोकाला माणसं बुडत होती. शहराची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली. ती क्षमता ५० वर न्यावी असा ‘ब्रिमस्टोवॅड’ या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या योजनेचा अहवाल १९९३ पासून तयार होता. त्या दुपारी भरतीही होती. विहार आणि पवईच्या तलावांचं सांडवाहून आलेलं पाणी, साकीनाका-कुर्ल्याचं पाणी आणि माहीमच्या खाडीतून आत शिरणारा समुद्र एकमेकांसमोर आले. मी कलिन्याहून घरी पोचू शकले नाही. छातीएवढ्या पाण्यातून एका अनोळखी इमारतीच्या जिन्यापर्यंत गेले आणि रात्र तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबात काढली. शेकडो माणसं गेली. दोन दिवसांनी पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभी असताना एक बाई दुसरीला म्हणाली, “मिठी नदीला पूर आला ना.” कुर्ल्यात जन्म काढूनही ‘मिठी’च्या पुढे ‘नदी’ हा शब्द बोलण्यात आलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

इथे कांट आणि वसुबंधू दोघांनाही मागे ठेवून कांटनंतरच्या जर्मन तत्त्वज्ञाकडे, हेगेलकडे, जावं लागतं. कांटचे साचे पक्के आहेत, ते अनुभवाने बदलत नाहीत. वसुबंधूचं चक्र तोडायला साधना लागते, आणि अख्खं शहर साधनेला बसत नाही. हेगेल म्हणतो, संकल्पना स्वतःच्याच अपुरेपणावर आपटून वाढते. १८०७ च्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्याने एक साधा प्रयोग दिला आहे. आता काय आहे, असं विचारलं तर उत्तर येतं, आता रात्र आहे. हे कागदावर लिहून ठेवा. लिहिल्याने सत्य काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद वाचा. ते शिळं झालेलं असतं. पण ‘आता’ हा शब्द टिकलेला असतो. तो रात्रीचाही नव्हता, दुपारचाही नाही; तो दोन्ही सामावून घेणारा, सर्वसाधारण निघाला. जे अगदी जवळचं, नेमकं नि हातातलं वाटत होतं, त्यातूनच व्यापक संकल्पना बाहेर आली, आणि ती आली चूक उघडी पडल्यामुळे. आमच्या शहराने एका कागदावर ‘हा नाला आहे’ असं लिहून ठेवलं होतं. २५ जुलैपर्यंत तो कागद खरा वाटत होता.

हेगेलचा एक लाडका जर्मन शब्द आहे, आउफहेबेन. त्यात मोडणं, जपून ठेवणं आणि वर उचलणं असे तिन्ही अर्थ एकदम येतात. कळी मोडून फूल येतं, फूल गळून फळ येतं, आणि तरी प्रत्येक पायरी पुढच्या पायरीच्या पोटात असते. मला हा मुद्दा मुंबईसाठी फार महत्त्वाचा वाटतो, कारण २००५ नंतर आपण मोडणं केलं, जपणं विसरलो. मिठी नदी आहे हे कळल्याबरोबर अनेकांच्या डोळ्यांपुढे चित्रकलेच्या वहीतली निळी रेघच परत आली. काठावर फरसबंदी, दिव्यांचे खांब, बसायला बाकं, सकाळी फिरायची सोय. नदीची ही संकल्पना वाढलेली नाही, लहानपणची आहे तशीच बाहेर काढलेली आहे. मुंबईच्या नदीची खरी संकल्पना ‘नाल्या’ला पोटात घेऊन आली पाहिजे. साधारण १८ किलोमीटरच्या लांबीत जंगल, तलाव, कारखाने, झोपड्या, धावपट्टी, कांदळवन आणि खाडी एकामागोमाग येतात. शहराचं सांडपाणी तिच्यात येतं हे तिचं आजचं रूप आहे, ते फरसबंदीने झाकून तिला नदी म्हणता येणार नाही.

अशी संकल्पना आधीच कोणाच्या मनात वाढलेली आहे का? आहे. त्याच ग्रंथातल्या मालक आणि चाकराच्या प्रसिद्ध प्रकरणात हेगेल दाखवतो की मालकाला वस्तू फक्त उपभोगापुरती भेटते. चाकर तिच्यावर काम करतो, तिचा विरोध सोसतो, आणि म्हणून जाणीव त्याच्यात वाढते. मिठीच्या बाबतीत हे अक्षरशः तसं आहे. काही वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या क्रांतीनगरमध्ये, अगदी काठावरच्या एका घरी गेले होते. भिंतीवर वेगवेगळ्या पावसाळ्यांतल्या पाण्याच्या रेषा होत्या. पाणी कधी शिरतं असं विचारल्यावर त्या घरच्या मावशी म्हणाल्या, “नुसत्या पावसाने काही होत नाही हो. पाऊस आणि भरती एका टायमाला आली की आम्ही पोरांना वर चढवतो.” एका वाक्यात पाऊस, समुद्र, चंद्र आणि पोरं. धारावी-माहीमच्या कोळीवाड्यांतल्या म्हाताऱ्यांशी बोला, खाडीत कुठला मासा कधीपासून दिसेनासा झाला ते सांगतील. गाळात उतरणाऱ्या सफाई कामगाराला पात्राचा तळ पायांनी माहीत असतो. ‘नाला’ या संकल्पनेत भरती नसते, मासा नसतो, तळ नसतो. यांच्या मनात तिन्ही आहेत. शहराच्या नियोजनाच्या टेबलावर ही माणसं नसतात, आणि आपण समजतो की त्यांच्याकडे फक्त तक्रारी आहेत. त्यांच्याकडे ज्ञान आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला स्वतःला बराच काळ छळत आला आहे. हे सगळं मनाचं बोलणं नको. नाला म्हणण्यात कोणाचा फायदा होता ते बोला. जमिनीचे भाव बघा, भराव कोणी घातले बघा. आक्षेप खरा आहे आणि चिद्वाद्यांकडे त्याचं पुरेसं उत्तर नाही. वसुबंधूच्या नदीवर तलवारी घेतलेले पहारेकरी आहेत, पण त्यांना तिथे कोणी नेमलं हे तो विचारत नाही. मला वाट दाखवली ती दादरला राहणाऱ्या एका माणसाने, ज्याला कोणी चिद्वादी म्हणणार नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकर म्हणतात की जात ही विटांची भिंत किंवा काटेरी तारेचं कुंपण नाही, ती एक कल्पना आहे, मनाची अवस्था आहे. हे वाचून काहींना वाटतं की मग मन पालटलं की झालं. बाबासाहेब नेमकं उलट सांगत होते. मनातली गोष्ट विटांच्या भिंतीपेक्षा पाडायला अवघड असते, कारण तिच्यामागे अधिकार उभा असतो, आणि त्या अधिकारालाच हात घातल्याशिवाय ती हलत नाही. संकल्पना मनात असते आणि सत्ता तिला धरून ठेवते, ही दोन्ही विधानं एकदम खरी आहेत. फायद्याचा हिशेब मांडणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की आमच्या बाईंना काय फायदा होता? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, पावसाळ्यात स्वतः त्याच पाण्यातून शाळेत येणाऱ्या बाईंनीही उल्हासलाच गुण दिले. फायदा मूठभरांचा असतो, संकल्पना मात्र सगळ्यांची होऊन बसते. ती तशी कशी होते हे समजून घ्यायला वसुबंधू लागतोच.

संकल्पना बदलून ती संस्थेत, कायद्यात उतरली की काय होतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. कांदळवन पूर्वी सरकारी कागदांतही पडीक समजलं जायचं. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या तोडीला मनाई केली आणि सरकारी जमिनीवरचं कांदळवन संरक्षित वन ठरवण्याचा रस्ता मोकळा झाला. २०१२ मध्ये राज्याच्या वनखात्यात कांदळवन कक्ष आला. अजून तोड होते, भराव पडतो. पण आज तो गुन्हा म्हणून नोंदवता येतो, कारण तिथे ‘मोकळी जागा’ नसून ‘वन’ आहे, हे कागद म्हणतो. मिठीसाठी ऑगस्ट २००५ मध्ये जे प्राधिकरण झालं त्याच्या नावात विकास आणि संरक्षण दोन्ही शब्द आहेत, नदी हा शब्दही आहे. कामं मात्र बरीचशी नाल्याची झाली: पात्र रुंद करा, खोल करा, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती घाला. पाणी लवकरात लवकर पुढे ढकलायचं, हे गटाराचं तर्कशास्त्र. भरतीच्या वेळी पुढे समुद्र असतो, ढकललेलं पाणी जाणार कुठे, याचं उत्तर भिंतीत नाही. ते पसरायला उरलेल्या जागेत आहे, आणि ती जागा आपण रोज मोकळी म्हणून विकतो आहोत. दर मे महिन्यात नालेसफाईच्या बातमीत मिठीचा गाळ मोजला जातो. इतके टन काढला, इतके टक्के काम झालं. नदीच्या पाण्यात प्राणवायू किती, मासा किती आत येतो, भरती कुठवर पोचते, हे त्याच बातमीत, त्याच ठळक अक्षरांत का येऊ नये? महापालिकेने ‘नालेसफाई’च्या यादीतून चारही नद्या, मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा, बाहेर काढाव्यात आणि त्यांचा हिशेब नदीच्या मापाने द्यावा. ही मागणी नुसत्या नावाची वाटेल. नाव बदललं की मापं बदलावी लागतात, मापं बदलली की कंत्राटाच्या अटी बदलतात.

शाळांबद्दल मला जास्त आशा आहे. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका न शिकलेल्या गुलाम मुलाला दोन फूट बाजूचा चौरस दाखवतो आणि दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सांगतो. मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करू, चार फूट. तसं केल्यावर क्षेत्र चौपट होतं. मग तीन म्हणतो, तेही चुकतं. मग तो म्हणतो, मला माहीत नाही. तिथून पुढे कर्णावरचा चौरस त्याला सापडतो. मागच्या जन्मीचं ज्ञान त्याला आठवलं, हे प्लेटोचं स्पष्टीकरण आपण घेतलं नाही तरी चालेल. मला त्यातला मधला क्षण हवा आहे, मुलगा अडकतो तो. आपल्या वर्गांत त्या क्षणाला जागाच नाही. व्याख्या आधी येते आणि मूल अडकायच्या आत उत्तर लिहून मोकळं होतं. दहिसर नदीकाठी एक सकाळ चौथीच्या मुलांना न्या. राष्ट्रीय उद्यानात ती दगडांवरून वाहणारं स्वच्छ पाणी आहे. थोड्याच अंतरावर, तीच नदी, नाक दाबायला लावते. नदी कुठे संपली आणि नाला कुठे सुरू झाला ती रेघ काठीने जमिनीवर काढायला सांगा. मुलं भांडतील. रेघ सापडणार नाही. कांटला हवी असलेली तुलना एकाच नदीवर, एकाच सकाळी होईल, आणि कुठलाही धडा न शिकवता मुलांच्या मनातली ‘नाला’ ही गोष्ट हलायला लागेल.

गेल्या मे महिन्यात चौथीतल्या भाच्याला घेऊन वांद्रे-कुर्ला संकुलाकडून धारावीच्या बाजूला येणाऱ्या पुलावर थांबले होते. भरती लागलेली होती. थर्माकोलचा एक मोठा तुकडा पुलाखालून निघाला आणि कुर्ल्याच्या दिशेने, वर, चालायला लागला. भाचा कठड्याला लागून बघत होता.

“मावशी, हा नाला उलटा का वाहतोय?”

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, “तुला काय वाटतं?”

तो बराच वेळ गप्प होता. तुकडा लांब गेला. मग म्हणाला, “कोणीतरी मागून ढकलतंय.”

“कोण?”

त्याने मान वळवून माहीमकडे बघितलं. तिथून फक्त पूल आणि इमारती दिसत होत्या. “चल,” तो म्हणाला, आणि आम्ही त्या बाजूला चालायला लागलो.